झाडाच्या कवितेतल्या शेळ्या

"ताई, मला फक्त एवढं सांगा, झाडाच्या कवितेत शेळ्या कामून आल्या?"

"आल्या असतील चरायला. तू आधी पातेल्याकडं बघ, खिचडी खाली लागायली."

"लागू द्या. हितं माझं डोस्कं लागायलंय खाली, त्याचं कुणाला काय न्हाई. आठ दिस झाले पाठ करायले. द पोएट लव्हज द ट्री. बरं. द ट्री इज लाईक हिज फादर. बरं, आसंल बापावानी. आन मदीच, क्लोज द विंडो, द गोट्स आर कमिंग. आता ह्या शेळ्या कुणाच्या? कवीच्या का झाडाच्या?"

"मला इचारू नको माय. मी सातवी. माझ्या टायमाला सातवीवर सेविका व्हता येत व्हतं, म्हणून सुटले."

असं म्हणून चतुराबाईनं परत मोबाईलात तोंड घातलं. अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं मोबाईलात भरायची असतात, आणि दोन दिवसांपासून एक लेकरू मोबाईलात काही केल्या मावत नव्हतं. सुकेशनीनं पातेल्यात उलथनं घातलं आणि खाली लागलेली खिचडी अशी खरवडली की जणू ती कवीच्याच पाठीवर चालवत होती.

सुकेशनी वाव्हळे आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस. झरीच्या फाट्यावरून चार किलोमीटर आत आमचं गाव. सोळा वर्षं झाली तिला ह्या खोलीत. मदतनिशीचं काम काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. सकाळी खोली झाडायची, हापशावरून दोन घागरी आणायच्या, घरोघर फिरून लेकरं गोळा करायची. त्यातली चार रडत येणार, दोन पळून जाणार आणि एक हिच्या मनगटाला चावणार. मग खिचडी. मग कुणी हगलं, कुणी मुतलं, ते धुणं. शिकवायचं काम सेविकेचं. पण सेविका मोबाईलात अडकली की शिकवायचंही हिनंच. भिंतीवर चित्रं काढलेली आहेत, त्यांच्यावर काठी टेकवायची आणि लेकरांनी ओरडायचं. जी फॉर गोटपाशी रोज भांडण व्हायचं. पेंटरनं शेळी अशी काढली होती की तिला शिंगं सोडून शेळीचं काहीच नव्हतं. लेकरं एका सुरात ओरडायची, "कुत्रं!"

"कुत्रं न्हाई रे मुडद्याहो, शेळी! गोट! जी ओ ए टी गोट!"

सोळा वर्षं, रोज. दुसरं काही इंग्रजी येवो न येवो, गोट तिच्या हाडात मुरला होता. त्याच्या शेजारच्या भिंतीवर घराचं चित्र. डोअर, विंडो, रूफ. तेही.

आता ह्या बाईला अडतिसाव्या वर्षी कवितेच्या नादी कुणी लावलं? तर सरकारनं. दिवाळीला चतुराबाईची पासष्ट भरणार आणि जागा मोकळी होणार. मदतनीस बारावी पास असली तर पहिला हक्क तिचा. नसली तर जागा जाहीर निघणार. गावात बी.ए. झालेल्या तीन सुना पदर खोचून बसलेल्याच होत्या. सोळा वर्षं लेकरांची ढुंगणं धुतली सुकेशनीनं, आणि खुर्चीवर कालची आलेली कुणी बसणार आणि हिला म्हणणार, 'मावशी, जरा हितलं पुसून घ्या.' बाकी सगळं तिला खपलं असतं. हे एक खपत नव्हतं.

म्हणून तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरला, बाहेरून बारावीला बसली. मार्चमध्ये बाकीचे सगळे विषय निघाले. मराठीत तर एकसष्ट. इंग्रजीत सत्तावीस. आठ मार्कांनी म्हैस खुट्ट्याला अडकली ती अडकलीच. जुलैच्या पुरवणी परीक्षेत इंग्रजी निघाली तर दिवाळीआधी कागद हातात, नसता मग सेविकेचं विसरायचं.

पहिल्या वेळी तिनं एक चूक केली होती, असं गावाचं म्हणणं पडलं. तिनं धम्मशीलाची वही घेतली नव्हती.

ह्या वहीचं जरा सांगितलं पाहिजे. चार वर्षांखाली आमच्या गावच्या धम्मशीलाला बारावीच्या इंग्रजीत चौऱ्याऐंशी पडले. आमच्याकडं इंग्रजीत पास होणं हाच सण असतो, तिथं चौऱ्याऐंशी म्हणजे गावानं आधी दोन दिवस विश्वासच ठेवला नाही. तेव्हापासून तिची इंग्रजीची वही गावात फिरते. बौद्धवाड्यातून पाटलाच्या गल्लीत, तिथून परत. एरवी ज्या घरातून ह्या घरात पाण्याचा तांब्या सहजासहजी जात नाही, त्या घरांतून वही बिनबोभाट फिरली. तिचा कायदाही ठरून गेला. ज्याला वही मिळाली त्यानं तिला नवं कव्हर घालायचं. पास झाला तर आतल्या पानावर आपलं नाव लिहायचं आणि पुढच्याला द्यायची. नापास झाला तर नुसतंच कव्हर. ह्या जूनपर्यंत तिला चौदा कव्हरं बसली होती आणि आत अकरा नावं होती.

पंधरावं कव्हर सुकेशनीनं घातलं, अंगणवाडीत आलेल्या पोषण आहाराच्या पोस्टरचं. वहीत कवितांची रसग्रहणं, धड्यांची उत्तरं, निबंध, सगळं धम्मशीलाच्या टपोऱ्या अक्षरात. आपल्याला फक्त गिळायचं. शेजारची निकिता मार्चमध्ये तिच्यासारखीच इंग्रजीत गचकली होती, तिनं वहीचे झेरॉक्स काढून घेतले. काकू-पुतणी एका नावेत बसल्या.

पाठांतर चालायचं सांजच्याला, भाकरी थापताना. वही परातीच्या पलीकडं फडताळाला टेकवलेली, पीठ उडू नये म्हणून वर प्लास्टिक. तिची सासू सरजाबाई चुलीपाशी तुरीची डाळ निवडत बसायची. सरजाबाईला अक्षर म्हणजे मुंगी. पण म्हातारीचा कान तिखट. आठ दिवसांत सुनेच्या आधी सासूचं पाठ झालं. सून अडखळली की ही डाळीतून मान वर न काढता पुढचा शब्द टाकायची.

"द ट्री इज लाईक हिज फादर..." सुकेशनी थांबायची.

"कलोज द इंडो," सरजाबाई म्हणायची.

"तुमाला कळतंय का ओ आत्या, काय म्हणायलाव ते?"

"मला कळून काय करायचं? तुला कळतंय का?"

आणि गंमत अशी की तिला कळायला लागलं होतं. सगळं नाही. पण विंडो कळलं, गोट्स कळलं, कमिंग कळलं. भिंतीवरची चित्रं मदतीला धावली. आणि जे कळलं ते असं की त्यानं सगळ्याचीच माती केली.

झरीला खताच्या दुकानाच्या माडीवर भागवत सरांचा क्लास. नापासांची वेगळी तुकडी, वीस दिवसांत इंग्रजी. सर सत्तावीस वर्षांचे, केसाला जेल, बोलण्यात दर दोन वाक्यांनी डोन्ट वरी. त्यांचा सिद्धांत सोपा होता. निबंध एकच पाठ करायचा, आजचं युग विज्ञानाचं युग आहे. विषय कुठलाही येवो, तीन ओळींत त्याचं वेसण धरून त्याला विज्ञानाच्या गोठ्यात आणून बांधायचं. एका पोरीनं विचारलं, "सर, माझी आजी आला तर?" सर म्हणाले, "माझी आजी विज्ञानाच्या युगात राहते. झालं. पुढं चालू." रसग्रहणालाही धम्मशीलाचीच वही. तिचं झेरॉक्स केव्हाच झरीलाही पोचलं होतं.

सुकेशनी मागच्या बाकावर बसायची, पोरी शेजारी बसायला लाजायच्या म्हणून निकितालाच चिकटून. त्या दिवशी तिनं हात वर केला.

"सर, एक इचारू का?"

"विचारा मावशी. पण सिलॅबसच्या बाहेरचं नको."

"ह्या कवितेत शेळी कुठं हाय?"

तीस नापास एकदम हसले. सुकेशनी उभीच राहिली. "हसा मुडद्याहो. मी चौदाच्या चौदा ओळी बोट लावून बघितल्या सर. जी ओ ए टी कुठंच न्हाई. झाड हाय, रस्ता हाय, कुऱ्हाड हाय, कवी रडायलाय. शेळी न्हाई. मग रसग्रहणात कुठून आली?"

सरांनी खडू हातातल्या हातात फिरवला. तीन वर्षं ते हेच रसग्रहण घोटून घेत होते. ही ओळ त्यांनीही कधी थांबून वाचली नव्हती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. पण मास्तरनं थांबून चालत नाही.

"मावशी, शेळी कवितेत नसते, रसग्रहणात असते. कवितेतलंच जर रसग्रहणात लिहायचं, तर मग कविताच लिहून या की!"

"आन खिडकी?"

"खिडकी म्हणजे कवीचं मन. शेळ्या म्हणजे स्वार्थी समाज. हा समाज झाड खायला आलाय, म्हणून कवी म्हणतो, मनाची खिडकी बंद करा. ह्याला प्रतीक म्हणतात. लिहून घ्या रे सगळे."

तीस जणांनी माना खाली घातल्या आणि ते लिहून घेतलं. पेनांची खरखर ऐकून सुकेशनीच्या अंगाची लाही झाली.

"पण सर, शेळी खिडकीतून कवा येतीय? शेळी दारातून येती. लावायचंच आसतं तर कवी म्हणला आसता, दार लावा. मी शेळ्या पाळल्यात."

"मावशी," सर हात जोडून म्हणाले, "तुम्हाला पास व्हायचंय का शेळ्या वळायच्यात?"

 येताना फाट्यावर रिक्षातून उतरल्यावर ती निकिताला म्हणाली, "स्वार्थी समाज म्हणं! ह्या बाप्याच्या घरी कुणी शेळी बांधली व्हती का न्हाई कधी?"

"काकू, तुमी उगं लोड घ्यायलाव," निकिता म्हणाली. "लिहायचं आन यायचं. चार मार्काला हाय ते."

"मला आठ कमी पडले व्हते निके. चार म्हणजे त्यातले अर्धे झाले की."

दुसऱ्या दिवशी लेकरं खिचडी खायला बसवून तिनं धम्मशीलाला स्पीकरवर फोन लावला. धम्मशीला नात्यानं तिची चुलत नणंद. नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे. चतुराबाईनं मोबाईल खाली ठेवून कान इकडं लावला. शेळ्यांचा निकाल तिलाही हवा होता.

"धम्मशीले, तुझ्या वहीतल्या त्या शेळ्या कुणाच्या गं?"

"कोणत्या शेळ्या वैनी?"

सुकेशनीनं ओळ म्हणून दाखवली.  मग धम्मशीला जी हसायला लागली, ती थांबेचना. कुणीतरी तिच्यावर खेकसलं तेव्हा ती व्हरांड्यात आली असावी.

"अगो माय! वैनी, त्या खऱ्या शेळ्या व्हत्या! आमच्या सरांचा नेम व्हता, वर्गात इंग्रजीबिगर तोंड उघडायचं न्हाई. पाणी बी इंग्रजीतच मागायचे. आन आमचा वर्ग जुन्या खोलीत. खिडकी गुडघ्याएवढी, मागं बाभळी. दुपारच्याला शेळ्या सावलीला खिडकीतून आत उड्या घ्यायच्या. सर लिहून द्यायलते, आन मदीच खिडकीजवळच्या पोरीला सांगितलं आसंल, खिडकी लाव, शेळ्या आल्या. मी खाली मुंडी घालून जे कानावर आलं ते लिहिलं."

चतुराबाईनं कपाळावर हात मारला. "खिडकीतूनच येत व्हत्या की गं!"

"आन परीक्षेत?" सुकेशनीनं विचारलं. "तू परीक्षेत काय लिहिलंस?"

"तेच की. पाठ व्हतं ना."

"शेळ्यासगट?"

"शेळ्यासगट."

"आन तुला चौऱ्याऐंशी पडले?"

"पडले की. वैनी, तुमाला खरं सांगू का? आठ ओळी भरलेल्या दिसल्या, अक्षर टपोरं दिसलं, कुठं खाडाखोड न्हाई. तपासणाऱ्यापुढं गठ्ठा पडलेला आसतो, तो काय एक एक शेळी मोजत बसतोय? तुमी बी तसंच लिहा. फक्त खाडाखोड करू नका. गप पास व्हा आन सेविका व्हा."

फोन ठेवल्यावर सुकेशनी पातेल्याशेजारी फतकल मारून बसली. हसली नाही. हसण्याच्या पलीकडं गेली होती.

"ताई, चार वर्षं! अकरा जणं त्या शेळ्या हाकत हाकत परभणीला गेले आन पास होऊन आले. एकानं इचारलं न्हाई. मास्तरानं इचारलं न्हाई. तपासणाऱ्यानं इचारलं न्हाई. त्या भागवतनं तर त्यांचा समाज करून टाकला. ह्या सगळ्या शिकलेल्या माणसांत इचारायची बिलामत माझ्याच नशिबी कामून?"

"तुला कुणी सांगितलं व्हतं इचारायला?" चतुराबाई म्हणाली. "आता तरी गप लिही. चौऱ्याऐंशीवालीनं लिहिलंय म्हणल्यावर शेळ्या शुभच म्हणायच्या."

"पण आता मला कळलंय की ओ!"

"मग इसर."

"कळलेलं इसरता येतंय का?"

त्या सांजेपासून तिनं शेळ्या वगळून पाठ करायला सुरुवात केली आणि खरी बेजारी तिथं सुरू झाली. पाठांतर म्हणजे दावं असतं. मधला पीळ काढला की पुढचं सगळं उसवतं. द ट्री इज लाईक हिज फादर झालं की पुढं द टोन ऑफ द पोएम यायला पाहिजे. पण फादरनंतर खिडकी वाजल्याशिवाय टोन येईना. तिनं तीनदा, चारदा, दहादा म्हणून बघितलं. फादर, आणि मग नुसती पोकळी. तव्यावरची भाकरी करपायची.

"गोट्स र्‍हायलं," सरजाबाई डाळीतून म्हणायची.

"न्हाई म्हणायचं ते आत्या! काढून टाकलंय!"

"कामून? चांगलं तर व्हतं. मला तेवढंच आवडत व्हतं त्यातलं."

"चुकीचं हाय ते."

"आठ दिस बरोबर व्हतं, आता चुकीचं झालं. तुमच्या इंग्रजीचं बी काय खरं न्हाई बाई." आणि म्हातारी पुन्हा आपल्या नादात सुरू व्हायची, "कलोज द इंडो, द गोटस आर कमिंग..." सुनेला जे विसरायचं होतं ते सासू रोज सांजच्याला पक्कं करत होती.

पेपर परभणीला. सुकेशनी आणि निकिता सकाळच्या गाडीनं गेल्या. चतुराबाईनं त्या दिवशी खिचडी स्वतः केली. ती इतकी खारट झाली की लेकरांनी दुपारपर्यंत सुकेशनीच्या नावानं गळा काढला. पण ते तिला नंतर कळलं.

वर्गात सगळ्यात मोठी तीच. पर्यवेक्षक बाई आधी तिला म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबा." तिनं हॉलतिकीट दाखवलं तेव्हा त्या ओशाळल्या. निबंध आला, गावातली जत्रा. सुकेशनीनं सरांचं ऐकून जत्रेला विज्ञानाच्या युगात नेलं. तिथं पाळणा विजेवर चालतो, हे तिला आपोआप सुचलं. बाकी जमेल तसं लिहिलं. मग रसग्रहण. दोन कवितांतली एक, तीच झाडाची.

तिनं पाच ओळी घाईनं उतरवल्या. फादरला पूर्णविराम दिला. आणि पेन थांबलं.

पुढचं येईना. ती डोळे मिटून बसली, उघडून बसली. फळ्याकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं. पुढच्या बाकावर निकिताचा हात कसा सुसाट चालला होता. तिच्या शेळ्या केव्हाच गेल्या असणार पार. घंटा झाली, बाई म्हणाल्या, "शेवटचा अर्धा तास." सुकेशनीच्या डोळ्यांपुढं खुर्ची आली, खुर्चीवर कोण बसलंय तेही दिसलं, आणि कानात चुलीपाशी बसलेल्या म्हातारीचा आवाज आला, गोट्स र्‍हायलं.

"व्हय गं माय, र्‍हायलं!" ती मोठ्यानं म्हणाली. वर्गानं मागं वळून बघितलं.

तिनं दात खाऊन लिहिलं. क्लोज द विंडो, द गोट्स आर कमिंग. आणि ते लिहिल्याबरोबर मागचं सगळं खिंडारातून कळप घुसावा तसं आलं. टोन आला, रायमिंग आलं, शेवटचा मेसेजही आला. आठ ओळी भरल्या.

तिनं कागद लांब धरून बघितला. अक्षर बरं होतं. खाडाखोड नव्हती. चौऱ्याऐंशीवालीचं जसं होतं तसं. पाच मिनिटं ती तशीच बघत बसली. मग पट्टी लावली आणि शेळ्यांवर दोन रेघा ओढल्या, सरळ, जाड. वरच्या बारक्या जागेत पदरची दोन वाक्यं कोंबली. आवर चिल्ड्रन ईट खिचडी अंडर वन ट्री. इफ यू कट इट, दे विल सिट इन द सन. अंगणवाडीपुढं कडुलिंब आहे, लेकरं तिथंच खातात. तिला तेवढंच इंग्रजी येत होतं आणि तेवढंच म्हणायचं होतं.

परतीच्या गाडीत निकिता किंचाळली. "खाडाखोड केली? काकू! धम्मूताईनं एकच तर सांगितलं व्हतं! आन खिचडी? कवितेत खिचडी लिहिली तुमी?"

"तुझ्या शेळीपक्षा बरी हाय. आपल्याकडं निदान खरंच आसती."

मग पुढचे पाच आठवडे ती खिचडी करताना, लेकरं धुताना, लिंबाखालचं उष्टं झाडताना एकच बडबडायची, "कामून खोडलं मी? कोण बघत व्हतं तिथं? काय नडलं व्हतं माझं?" चतुराबाई ऐकून ऐकून कावली. म्हणाली, "आता एकतर तो लिंब तोड, न्हाईतर तोंड बंद कर."

निकालाच्या दिवशी दुपारी निकिता मोबाईल घेऊन पळत आली. अंगणवाडीच्या पायरीवर तिघींनी डोकी एकत्र केली. सुकेशनीला छत्तीस. पस्तीसला पास.

"झाली की गं!" चतुराबाईनं तिच्या पाठीत असा धपाटा घातला की हातातलं ताट पडलं. "एका मार्कानं का व्हईना, झाली! बस खुर्चीवर, बस बघू."

सुकेशनी बसली नाही. "तुला किती निके?"

निकितानं मोबाईल खाली घेतला. "चाळीस."

"चाळीस. म्हणजे माझ्यापक्षा चार जास्ती."

"व्हय."

"आन रसग्रहण किती मार्काला आसतंय?"

"चार." निकिताला हसू आवरेना. "काकू, आसं काय न्हाई, दुसऱ्या कशाचे बी आसतील ते."

"न्हाई. ते शेळ्यांचेच हायत," सुकेशनी म्हणाली, आणि ताट उचलायला वाकली.

कागद ऑफिसला गेले. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका बाईंनी गुणपत्रक उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, मदतनीस पात्र आहे, जागा जाहीर निघणार नाही, हुकूम चतुराबाई सुटली की. बी.ए.वाल्या तिघींनी पदर सोडले. पण हुकूम दिवाळीचा. तोवर घागर तीच, खिचडी तीच.

वहीचा कायदा सुकेशनीनं पाळला. आतल्या पानावर बारावं नाव लिहिलं. पण त्याआधी रसग्रहणाचं पान काढलं, लाल पेननं ती ओळ खोडली आणि शेजारी मराठीत लिहिलं: 'ह्या शेळ्या खऱ्या होत्या, कवितेतल्या नाहीत. खिडकीतून आल्या होत्या. लिहू नये.' आणि वही पुढच्या नंबराला, राजेश्रीला दिली. ती पाटलाच्या गल्लीतली, औंदा बारावीला.

आठ दिवसांत राजेश्री वही घेऊन अंगणवाडीत हजर. सुकेशनी पातेल्यात हळद टाकत होती.

"काकू, ही ओळ तुमी खोडली का?"

"खोडली. शेजारी कारण बी लिहिलंय, वाचलंस का?"

"वाचलं. पण क्लासात सरांनी सांगितलं की ती बरोबर हाय. तिच्यात प्रतीक हाय म्हणले. स्वार्थी समाज."

सुकेशनीनं हळदीचा डबा ठेवला. सगळं सांगितलं. जुनी खोली, गुडघ्याएवढी खिडकी, बाभळी, इंग्रजीबिगर तोंड न उघडणारे सर. हात करून करून सांगितलं, शेळी कशी उडी मारते तेही दाखवलं. लेकरं खुश झाली. राजेश्रीनं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं.

"कळलं काकू. पण निकिताताईनं शेळ्या लिहिल्या, तिला चाळीस पडले. धम्मूताईनं लिहिल्या, तिला चौऱ्याऐंशी. तुमी खोडल्या, तुमाला छत्तीस."

सुकेशनीनं हळदीचा डबा परत उचलला. 

"म्हणून म्हणलं, वही आसू द्या तुमच्यापाशी. मी निकिताताईचं झेरॉक्स घेते, तिच्यात अजून हायत."

पोरगी वही पायरीवर ठेवून गेली. चतुराबाई मोबाईलातून मान वर काढून म्हणाली, "आता कुणाला इचारायलीस?"

"कुणाला न्हाई," सुकेशनी म्हणाली. भिंतीपाशी लेकरांचा कालवा चालला होता, कुत्रं, कुत्रं. त्यातल्याच एकानं चड्डीत केलं होतं आणि तो पाय फाकवून उभा होता. सुकेशनीनं पातेल्यावर झाकण टाकलं, त्याला बगलेत उचललं आणि हापशाकडं निघाली.